चार्जिंगच्या गाडीची बॅटरी बदलताना

गेल्या काही वर्षांत विजेवर चालणारी दुचाकी, जिला आपल्याकडे सरसकट 'चार्जिंगची गाडी' म्हणतात, ती धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून फिरताना दिसू लागली आहे. भूम-वाशीकडे दुधाचे कॅन खव्याच्या भट्टीवर पोचविणे, वस्तीवरून गावात औतकाठीच्या दुरुस्तीस जाणे, कळंबच्या बाजारास जाऊन येणे, अशा थोड्या पल्ल्याच्या कामांस ती सोयीची पडते. परंतु पहिल्या उत्साहात घेतलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या आता एकामागून एक जीव टाकू लागल्या आहेत. 'बॅटरी बदलू की गाडीच विकू? बदलावयाची तर तशीच घालू की लिथियमची मोठी घालू?' असे प्रश्न सभासदांकडून वरचेवर येतात. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत असतो, आणि ती बदलताना झालेली चूक कधी पैशावर तर कधी जिवावर बेतते. सबब या विषयाचे थोडे विस्ताराने विवेचन करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम बॅटरीवरील आकडे वाचता आले पाहिजेत. व्होल्ट हा विजेचा दाब होय. उंच टाकीतले पाणी जोराने येते, तसा. अँपियर-तास हे साठ्याचे माप होय. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे एकंदर साठा कळतो. हलक्या गाड्यांत बहुधा १२ व्होल्टच्या पाच शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ६० व्होल्टचा संच केलेला असतो. प्रत्येकीचा साठा २० अँपियर-तास धरल्यास ६० गुणिले २० म्हणजे १२०० वॅट-तास, अर्थात विजेच्या बिलाच्या भाषेत सव्वा युनिटाला थोडे कमी. मात्र हा सर्व साठा हाती येत नाही. लेबलावर 'सी-२०' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ असा की, वीस तासांत सावकाश उपसल्यास तेवढी वीज मिळेल. गाडी तीच वीज दोन-तीन तासांत उपसते. ज्या विहिरीतून हळूहळू पाणी काढले तर दिवसभर पुरते, तीच मोठ्या पंपाने दोन तासांत तळ दाखविते आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा झरते. शिसे-आम्ल बॅटरीचा स्वभाव अगदी असाच आहे. येडशीच्या किंवा तुळजापूरच्या घाटात बंद पडलेली गाडी दहा मिनिटे उभी केल्यावर पुन्हा चालू लागते, त्याचे कारण हेच. तीत नवी वीज आलेली नसते. दाब तेवढा सावरलेला असतो.

पल्ला कमी झाला की दोष बॅटरीचाच, असे धरून चालू नये. टायरांत हवा कमी असणे, ब्रेक घासत राहणे, जोडणीचे स्क्रू सैल होऊन त्यांवर पांढरी बुरशी चढणे, चार्जर अर्धवट चालणे, यांपैकी कोणत्याही एका कारणाने गाडी थकल्यासारखी वाटते. ही कारणे अगोदर पाहावी. त्यांस खर्च जवळजवळ नाही. नंतर पंपाच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराजवळ असतो तो साधा मल्टिमीटर घेऊन परीक्षा करावी. रात्रभर चार्ज करून तार काढावी, दोन तास थांबावे आणि पाचही बॅटऱ्या निरनिराळ्या मोजाव्या. चांगली बॅटरी पावणेतेरा व्होल्टच्या आसपास दाखविते. एवढ्यावर मात्र निकाल देऊ नये, कारण निकामी बॅटरीही विश्रांतीनंतर साळसूद दिसते. गाडी नेहमीच्या ओझ्यानिशी चालवावी, ती मंद पडू लागताच थांबावे आणि लगोलग पुन्हा मोजावे. चार बॅटऱ्या बारा व्होल्टच्या आसपास व एखादीच साडेदहाच्या खाली आढळली, तर तीच संचातील रोगी होय. पाचही सारख्याच खाली गेल्या असतील तर संच वयाने संपला असे समजावे.

येथे आमच्या हातून झालेली एक चूक सांगणे उचित होईल. आमच्या गाडीच्या संचात अशीच एक बॅटरी निकामी निघाली. बाकीच्या चार चांगल्या दिसत होत्या, म्हणून काटकसर करून आम्ही तेवढी एकच नवी आणून बसविली. पहिले पंधरा दिवस गाडी छान चालली. अडीच महिन्यांत मात्र दुसरी जुनी बॅटरी फुगली आणि मागोमाग तिसरीही गेली. शेवटी संपूर्ण संच घ्यावाच लागला आणि त्या एका बॅटरीचे पैसे पाण्यात गेले. कारण समजण्यास कठीण नाही. एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांतून प्रवाह सर्वांतून सारखाच वाहतो. काळ्या रानात आठबैली नांगर चालत असे त्या काळी, एक बैल थकला म्हणून त्याच्या जागी ताजा जुंपला तर उरलेल्या थकल्यांस आराम मिळत नसे, उलट त्यांना ताज्याच्या चालीने ओढत जावे लागे. बॅटऱ्यांचेही तसेच होते. जुनी अगोदर रिकामी होते, तरी नवीचा प्रवाह तिच्यातून जातच राहतो आणि ती उलटी भरू लागते. चार्ज करतानाही जुनी लवकर भरून तापते आणि नवी अर्धवट राहते. यास्तव शिसे-आम्लाचा संच बदलावयाचा तर पूर्णच बदलावा. पाचही बॅटऱ्या एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या आणि शक्य तर एकाच महिन्यात तयार झालेल्या घ्याव्या. संच अगदी नवा असून मुदतीच्या आत एक बॅटरी बिघडली, तर मात्र ती एकटी बदलून घेण्यास हरकत नाही.

शिसे-आम्ल बॅटरी अकाली मरते त्यास आपली सवय आणि आपला उन्हाळा असे दोन दोषी आहेत. १८५९ मध्ये गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही बॅटरी प्रथम बनविली. तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण एक खोड गेलेली नाही. रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाम्लयुक्त शिशाचे कठीण स्फटिक बसतात आणि मग ते सुटत नाहीत. सोयाबीनच्या काढणीत आठ दिवस गाडी तशीच कोपऱ्यात पडून राहिली, एवढ्यानेही पुष्कळ नुकसान होते. त्याच दिवशी, गाडी निवल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने ती चार्जिंगला लावणे हा शिसे-आम्लाचा पहिला नियम होय. उष्णतेचे म्हणाल, तर २५ अंशांच्या वर दर दहा अंशांस आयुष्य सुमारे निम्मे होते असा ठोकताळा आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही वर. कारखान्याने सांगितलेले आयुष्य आपल्या रानात का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळसे त्या पत्र्याखाली आहे.

आता लिथियमकडे वळू. ही बॅटरी १९९१ मध्ये जपानात प्रथम बाजारात आली आणि तिच्या संशोधनाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस मिळाले. दुचाक्यांत हिच्या मुख्यतः दोन जाती आढळतात. एक निकेल-मँगनीज-कोबाल्टची, जी वजनास फार हलकी. दुसरी लोह-फॉस्फेटची, जी थोडी जड, पण अधिक वेळा भरता-रिकामी करता येणारी आणि उष्णतेस अधिक दाद न देणारी. आमच्या मते आपल्या हवेस दुसरी अधिक मानवते. शिसे-आम्लाचा पाच बॅटऱ्यांचा संच ३३ ते ३५ किलो भरतो. तेवढाच किंवा थोडा अधिक साठा देणारा लोह-फॉस्फेटचा संच १० ते १२ किलोंत होतो. गाडी, स्वार आणि ४० लिटर दूध मिळून २०० किलो धरल्यास १०० मीटर उंची चढण्यास, मोटारीतील घट धरून, सुमारे ७० वॅट-तास वीज लागते, म्हणजे सपाटीवरील दोन-अडीच किलोमीटरांइतकी. घाटाच्या गावांस वीस-बावीस किलो ओझे उतरणे हा लहानसहान लाभ नव्हे.

तरी प्रत्येकाने लिथियमच घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. हिशेब करून पाहावा. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ रीत दाखविण्यासाठी कल्पिले आहेत. समजा, शिसे-आम्लाचा संच १२,००० रुपयांचा असून ३०० वेळा भरता येतो व दर वेळी ३० किलोमीटर देतो; एकंदर ९,००० किलोमीटर. लिथियमचा संच २७,००० रुपयांचा, १,००० वेळा भरणारा व दर वेळी ४० किलोमीटर देणारा, एकंदर ४०,०००. जो रोज २० किलोमीटर जातो त्यास पहिला किलोमीटरमागे सव्वा रुपयाहून जास्त पडतो आणि दुसरा ६८ पैसे. परंतु जो रोज जेमतेम सहा किलोमीटर जातो त्याची बॅटरी चालण्याने नव्हे, वयाने मरते. शिसे-आम्ल दोन वर्षे व लिथियम सहा वर्षे टिकले असे धरले, तर त्यास पहिला पावणेतीन रुपये आणि दुसरा दोन रुपये पडतो. एकदम गुंतवाव्या लागणाऱ्या रकमेचे व्याज धरले की उरलेला फरक फार नाही. म्हणून ज्याची गाडी घर ते मळा एवढीच फिरते, त्याने पुन्हा शिसे-आम्लाचा संच घातला तर त्यास कोणी अडाणी म्हणू नये.

जो लिथियम घालणार आहे त्याने पुढचा भाग नीट वाचावा, कारण सर्वांत जास्त घोटाळे येथे होतात. बॅटरी बदलली की चार्जर बदललाच पाहिजे. 'प्लग बसतो ना, मग जुनाच चालेल' असे सांगणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. प्लग बसणे आणि दाब जुळणे या निराळ्या गोष्टी आहेत. ६० व्होल्टच्या शिसे-आम्ल संचाचा चार्जर शेवटी साधारण साडेत्र्याहत्तर व्होल्टपर्यंत चढतो. लोह-फॉस्फेटच्या एका घटाची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, २० घटांचा संच ७३ व्होल्टला पूर्ण भरतो. निकेलच्या जातीचा घट ४.२ व्होल्टला भरतो, आणि ६० व्होल्टच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात असे १६ घट असले तर मर्यादा ६७.२ व्होल्टच. म्हणजे त्याच जुन्या चार्जरवर शेजाऱ्याचा लोह-फॉस्फेटचा संच वरवर सुरळीत चालेल, आणि ते पाहून आपण निकेलचा संच लावू तर त्यावर सहा व्होल्टांहून अधिक जादा दाब पडेल. संचाच्या आत बीएमएस नावाची रक्षक पट्टी असते व ती अशा वेळी प्रवाह तोडते हे खरे. पण राखणदार ठेवला म्हणून रोज रात्री दार उघडे टाकून कोणी निजत नाही. ती पट्टी एके दिवशी चुकली की घट तापून पेट घेतो, आणि लिथियमची आग एकदा लागली की घटामागून घट पेटत जातो. यास्तव चार्जर संचाबरोबरच, त्याच विक्रेत्याकडून घ्यावा, त्यावरील दाबाचा आकडा पावतीवर लिहून घ्यावा आणि जुना चार्जर घरात ठेवूच नये. मुलेबाळे कोणता चार्जर कोठे खुपसतील याचा नेम नसतो.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. मोटारीस वीज मोजून देणारी जी पेटी, जीस कारागीर कंट्रोलर म्हणतात, तिच्यावर ती जास्तीत जास्त किती अँपियर ओढते हे छापलेले असते. नव्या संचाच्या रक्षक पट्टीची क्षमता त्याहून चांगली वरचढ असावी. ती कमी असली की सपाटीवर गाडी चालते आणि भरल्या ओझ्याने चढ लागला की झटकन बंद पडते, तीही नेमकी मागे उसाचा ट्रॅक्टर असताना. त्याचप्रमाणे, जुना शिसे-आम्लाचा संच तसाच ठेवून त्यास लिथियमचा जोडसंच लावण्याची जी युक्ती काही ठिकाणी चालते, ती पूर्णपणे टाळावी. दोहोंचे दाब निराळ्या वेळी निराळे असतात आणि एकातून दुसऱ्यात अनावर प्रवाह लोटतो.

६० च्या जागी ७२ व्होल्टचा संच घालून वेग वाढविण्याची तरुण मंडळींस फार हौस असते. जी गाडी २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरांपेक्षा कमी वेगाची आहे, तिला नोंदणी व परवाना लागत नाही. वेग वाढविला की ही सवलत संपते आणि गाडी बिननोंदणीची, बिनविम्याची होते. अपघात झाला तर भरपाई स्वतःच्या सातबाऱ्यावर येते, हे विसरू नये. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी असे फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश दिले होते. नोंदणी झालेल्या मोठ्या गाडीतही नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे. शिवाय नामांकित कारखान्यांच्या हल्लीच्या गाड्यांत बॅटरी व गाडी एकमेकींशी सांकेतिक संभाषण करतात, त्यामुळे बाहेर बांधलेला संच त्यांत चालतच नाही. अशा गाडीच्या मालकाने अधिकृत केंद्रात मुदतीचे कागद घेऊन जावे, हाच मार्ग.

हलक्या गाडीसाठी बाहेरचा संच घेताना फसवणूक ओळखण्याचे दोन-तीन साधे उपाय आहेत. संचातील घट नवे की जुन्या संचांतून काढलेले, हे पेटी बंद असता डोळ्यांस कळत नाही. पण तराजूस कळते. लोह-फॉस्फेटच्या संचाचे वजन एका युनिट साठ्यामागे साधारण सात ते आठ किलो भरते. दीड युनिटाचा म्हणून दिलेला संच काट्यावर सात किलो भरला, तर साठ्याचा आकडा खोटा समजावा. दुसरी परीक्षा विजेची. भिंतीच्या प्लगात बसणारा लहान मीटर मिळतो. गाडी पूर्ण रिकामी करून त्यातून भरावी. दीड युनिटाचा खरा संच, चार्जरमधील घट धरून, पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज घेईल. एक-सव्वा युनिटातच तो भरला, तर उरलेल्याचे पैसे आपण हवेचे दिले. ही परीक्षा पहिल्याच आठवड्यात करावी, म्हणजे परत करण्यास तोंड राहते. तिसरा उपाय कागदाचा. मार्च २०२२ मध्ये पुण्यातील लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली आणि त्या सुमारास देशात इतरत्रही आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटऱ्यांच्या एआयएस-१५६ या कसोट्या अधिक कडक केल्या व त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू केल्या. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशा कसोट्या घेणाऱ्या संस्थांपैकी एक होय. विक्रेत्याकडे या कसोटीचे प्रमाणपत्र, घटांची जात, तयार झाल्याचा महिना आणि मुदतीचे लेखी पत्र मागावे. जो 'शब्दावर विश्वास ठेवा' म्हणतो त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये.

चार्जिंगच्या जागेविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. आपली माळवदाची घरे भक्कम, पण त्यांस बहुधा दरवाजा एकच. गाडी ऊन-पावसापासून वाचावी म्हणून ती ढाळजेत लावतात आणि रात्री तेथेच चार्ज करतात. म्हणजे आग लागली तर बाहेर पडण्याची एकुलती एक वाट तीच अडविते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचे एक मूल दगावले. ही गोष्ट ऐकल्यापासून आमची गाडी आम्ही ढाळजेतून काढून अंगणातल्या मोकळ्या, सावलीच्या भिंतीपाशी नेली आहे. कडब्याच्या गंजीपासून, जळणापासून आणि जनावरांच्या दावणीपासून ती दूर असावी. चार्जिंग शक्यतो घरचे जागे असताना करावे. शेतपंपाच्या जोडणीवर दाबाचे चढउतार फार. तेथे चार्जर लावू नये, आणि त्या जोडणीची वीज दुसऱ्या कामास वापरणे नियमासही धरून नाही. घरच्या जोडणीस अर्थिंग नीट आहे की नाही हे वायरमनकडून एकदा पाहून घ्यावे. लिथियमचा संच पाण्यात बुडाला, फुगला, किंवा त्यास गोडसर उग्र वास येऊ लागला, तर तो चार्ज करू नये. उघड्यावर ठेवून विक्रेत्यास कळवावे. पंधरा दिवसांहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर लिथियम निम्मे भरून ठेवावे, शिसे-आम्ल मात्र पूर्ण भरून. दोहोंची रीत येथे उलट आहे.

राहता राहिल्या जुन्या बॅटऱ्या. शिशास वजनावर भाव मिळतो; म्हणून नवा संच ठरवितानाच जुन्याचे किलोमागे किती कापून देणार हे विक्रेत्याशी बोलून घ्यावे आणि पाचही बॅटऱ्या आपल्यासमोर तोलाव्या. दारावर येणाऱ्या भंगारवाल्यास त्या देऊ नयेत. तो आम्ल ओढ्यात ओततो व शिसे उघड्या भट्टीत वितळवितो, आणि ते शिसे धूळ होऊन माती, विहीर व मुलांच्या रक्तापर्यंत पोचते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. लिथियमचा मेलेला संच फोडून घट काढण्याचा खटाटोप घरी कोणी करू नये. त्यात उरलेली वीजही हात भाजण्यास पुरेशी असते. त्याच्या दोन्ही टोकांस चिकटपट्टी लावून, नव्या संचाच्या पावतीबरोबरच तो परत घेतल्याची नोंद विक्रेत्याकडून करून घ्यावी.